निळ्या झाकणाची नळी

निळ्या झाकणाची नळी रेषेपर्यंत भरायची,
एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त.
कमी भरली तर आकडा खोटं बोलतो.
पण त्या एप्रिलात शिरा सापडायच्या नाहीत,
हातमोज्यांवर हातमोजे, चष्म्यावर वाफ,
आणि नळ्या यायच्या अर्ध्या.
मी परत पाठवायचे.
फैयाज बागवान डबा खाली ठेवून म्हणायचा,
"मॅडम, तिसऱ्यांदा टोचायला लावताय त्या माणसाला."
मी म्हणायचे, लावते.

लॅब तळघरात.
वर सहा मजले माणसं पालथी झोपलेली,
खाली आमच्याकडे त्यांचं नुसतं पिवळं पाणी,
बारकोड, वय, बेड.

डी-डायमर म्हणजे काय गं, सासूबाईंनी फोनवर विचारलं.
म्हटलं, आत गुठळ्या होतात,
शरीर त्या फोडत बसतं,
आणि फोडल्याचा चुरा रक्तात सापडतो. तो मोजायचा.
"म्हणजे रात्रीचं भांडण
सकाळी केरातल्या काचांवरून कळतं, तसं."
याहून नीट मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

पाचशेच्या आत असावा.
बेड चौदा, कोद्रे लीलाधर, अठ्ठावन्न :
सोमवारी आठशे,
बुधवारी तीन हजार शंभर,
शुक्रवारी यंत्राने आकडाच दिला नाही,
नुसतं 'पेक्षा जास्त'.
कशापेक्षा?
पातळ करून पुन्हा लावला. नऊ हजार चारशे.
असा आकडा तोंडी कळवायचा,
ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा, असा नियम.
"नऊ, चार, शून्य, शून्य,"
वरची डॉक्टर म्हणाली,
पाढे चुकू नयेत म्हणून हळू म्हणणाऱ्या मुलीसारखी.

त्याच रात्री यंत्र बंद पडलं.
इंजिनिअर पिंपरीत, घरात दोघं तापाने.
मग पाण्याचं भांडं सदतीस अंशांवर लावलं,
काचेची नळी, स्टॉपवॉच, मागे दिवा,
आणि कोद्रेंचा प्लाझ्मा
तिरका, सरळ, तिरका, सरळ.
दहा. अकरा. बारा.
धडधाकट माणसाचं इथे विरजण लागतं.
तेरा. चौदा.
हलतच होतं ते, ताकाच्या निवळीसारखं.
पंधरा. सोळा.
देवाचं नाव घेतलं नाही, हात हलला असता.
सतरा.
अठरा,
आणि एक धागा.
आधी वाटलं काचेवरचा ओरखडाच आहे.
मग तो थरथरला.

लिहिलं : अठरा पूर्णांक दोन.
पुढची नळी बेड पंधरा. बारा सेकंदांत जमली, सुबक.
डी-डायमर संध्याकाळचा, चारशे साठ. वय चौतीस.
चला, एक तरी, म्हणून मी चहाला उठले.

रविवारी बेड पंधराची नळी आली नाही.
सोमवारीही नाही.
मी फैयाजला विचारलं नाही,
त्याने डबा ठेवला, उभ्याने पाणी प्यायला, गेला.

चौदाची येत राहिली.
सहा हजार. दोन हजार नऊशे.
अकराशे, तेव्हा मी आकड्याखाली
पेन्सिलीने उगाच एक रेघ ओढली.

आता हडपसरला कलेक्शन सेंटरवर बसते.
महिन्यातून एकदा मुंढव्याहून एक गृहस्थ येतात,
रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, स्कूटर सावलीत लावतात,
डावी बाही दुमडून म्हणतात,
"पालेभाजी बंद केलीय हो डॉक्टरांनी.
आमची मुंढव्याची मेथी, आणि खायची नाही."
शीर त्यांची अजून दगा देते.
"अर्ध्या नळीवर नाही का भागणार?"
नाही, मी म्हणते. रेषेपर्यंत.

कधी वाटतं, सांगावं :
तुमचं रक्त मी दिव्यासमोर धरून मोजलंय,
अठरा सेकंद, श्वास रोखून.
पण मग पुढच्या नळीचंही सांगावं लागेल,
आणि तिच्यावरचं नाव
मी वाचलंच नव्हतं.
आकडा चांगला होता.